पिशवीतली फुलं

भाद्रपदाचा उत्तरार्ध लागला की मला सगळ्यांचा संशय यायला लागतो. एरवीही येतोच, पण तेव्हा जरा जास्त. ऊन स्वच्छ पडलेलं असतं आणि कपडे वाळत घातले रे घातले की सर येते, म्हणजे आभाळाचासुद्धा भरवसा नाही. गौरी-गणपती आटोपलेले असतात. पितृपक्ष चालू असतो, त्यामुळे उघडपणे काहीच ठरत नाही, पण नवरात्रात काय ठरवायचं याची कुजबूज घरोघर चालू असते. कुजबूज म्हटलं की माझे कान टवकारतातच.

यंदा वर्तमानपत्राच्या घडीतून एक रंगीत पत्रक पडलं. हिंदीत होतं. डोंगरावर जाऊन जंगली फूल बघायचे, बरोबर जाणकार गाइड, नाश्ता त्यांच्याकडून. माझी सून ते नाचवत आली. "आई, चलता का? एकदम मस्त वाटतं म्हणे वर आजकाल." मी चष्मा लावून पत्रक उलटसुलट पाहिलं. नाश्त्यात काय ते लिहिलेलं नव्हतं. गाइडचा फोटो होता, नाव नव्हतं. तोंड भरून हसत होता आणि खांद्याला पिशवी होती.

"या पिशवीत काय आहे?" मी विचारलं.

"आई, तुम्ही पण ना! हर चीज में शक," म्हणत ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी मात्र त्या पत्रकाकडे बराच वेळ बघत बसले. डोंगर, फुलं, वाट दाखवणारा माणूस आणि त्याच्या खांद्याला पिशवी. हे सगळं मी एकदा पाहिलेलं आहे.

संशय आमच्याकडे वारशाने आला. आईचे वडील होळकरशाहीत सायर नाक्यावर दरोगा होते. सायर म्हणजे जकात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाठोड्यात काय आहे ते बघायचं, हे त्यांचं काम. माळव्यात अफू पिकणार आणि लोक ती लपवून नेणार, मग आजोबांना चैन कसली? ढोलकीच्या पोटात, सोललेल्या नारळात, लोणच्याच्या बरणीच्या तळाशी, कुठे कुठे त्यांनी ती पकडली त्याच्या कथा आईने आम्हाला रामायण-महाभारताच्या आधी सांगितल्या. आजोबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. माणूस तोंडाने काहीही बोलेल, त्याच्या हाताकडे बघा. ज्या गाठोड्याकडे हात पुन्हा पुन्हा जातो ते उघडा.

आईला नाका मिळाला नाही, पण ताईसाठी स्थळं आली. ती तिने नाक्यावर आलेल्या मालासारखी तपासली. एकाने कार्यक्रमात दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "याचं मन दुसरीकडे आहे." दुसऱ्याने बशीतले सगळे पोहे संपवले. "घरात खायला घालत नसणार." तिसऱ्याने अर्धे ठेवले. "नखरेल." बाबा हतबल होऊन म्हणत, "अगं, पोहे खायचे तरी कसे माणसाने?" पण आईपुढे त्यांचं कधी चाललं नाही.

ताई मुलींच्या हिंदी शाळेत शिकवत होती. बोलायची कमी. आमच्या घरात चोविशी ओलांडलेली मुलगी म्हणजे छातीवरचा धोंडा मानत, पण तिला कधी त्याची फिकीर दिसली नाही. श्रीधररावांचं स्थळ आलं तेव्हा मात्र तिने वह्या तपासता तपासता, मान वर न करता आईला सांगितलं, "आई, हे तू मोडलंस तर मी पुन्हा कोणासमोर पाट मांडून बसणार नाही. हे शेवटचं." ताई पोकळ धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. आईने भाजी चिरायची थांबवली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिरायला लागली. म्हणजे तिने ते ऐकलं होतं.

तो काळ मध्य भारत नावाच्या राज्याचा. होळकरांचं राज्य आणि शिंद्यांचं राज्य एका ताटात वाढलं होतं आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या वाटीत काय आहे ते बघत होते. राजधान्याही दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापायला लागलं की ग्वाल्हेरची कचेरी पेट्या, कपाटं, कारकून घेऊन गाडीने आमच्याकडे उतरायची आणि थंडीच्या तोंडाशी परत जायची. श्रीधरराव त्या कारकुनांतले. बाबांच्याच खोलीत त्यांचं टेबल. घरात त्यांना नाव असं फारसं नव्हतं. आई "ते ग्वाल्हेर" म्हणायची.

"सहा महिने इथे, सहा महिने तिथे," आई म्हणायची. "दोन संसार करायला याच्याइतकी सोयीची नोकरी नाही."

"तो तर इथे राजवाड्यामागे एका म्हातारीच्या घरी भाड्याने राहतो," बाबा म्हणाले. "दर साल तीच खोली. सीधासादा आदमी आहे."

"सीधेसादेच असतात ते." आईने आणखी एक बातमी काढून आणली होती. मागल्या भाद्रपदात या सीध्यासाध्या माणसाला कोणीतरी महूच्या रस्त्याला टांग्यात पाहिलं होतं, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बाई. जानापावच्या डोंगराकडे निघाले होते म्हणे. कशाला? तर फुलं बघायला.

फुलं बघायला डोंगरावर जायचं हे आमच्याकडे कोणाला पटण्यासारखंच नव्हतं. फुलं परसात असतात, नाहीतर राजवाड्यापाशी टोपलीत असतात. ती बघायला कोणी डोंगर चढत नाही. पण श्रीधररावांना त्याचा नाद होता. पाऊस ओसरला की ते कचेरीतल्या दोघाचौघांना घेऊन डोंगरावर जात, वाट दाखवत, हे फूल बघा, ते फूल बघा करत. त्या वर्षी बाबांनी सहज घरी सांगितलं आणि आई एकदम तयार झाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. रात्री ती बाबांना सांगत होती ते मी ऐकलं, "पितृपक्ष आहे. काही ठरत नाही, म्हणजे नाही म्हणायलाही आपण मोकळे. आणि दिवसभर माणूस डोळ्यासमोर राहील."

ठरल्या दिवशी सकाळी ते फाटकाशी आले. आमच्या घरासमोर कडुनिंबाचं झाड होतं. खांद्यावरची कापडी पिशवी त्यांनी आधी कडुनिंबाच्या खालच्या फांदीला टांगली, मग नमस्कार केला.

"या ना आत, चहा घेऊन निघू," बाबा म्हणाले.

"नाही काका, आज मी बाहेरच ठीक आहे. आज आत नाही येत."

आई उंबऱ्यात उभी होती. नऊवारी लुगडं खोचलेलं, पायात बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट. तिने पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात पिशवीच्या तोंडावर होता.

"पिशवीत काय आहे?"

श्रीधररावांनी मान खाली घातली. क्षणभर वाटलं सांगणार नाहीत. मग हळूच म्हणाले, "फूल आहेत."

"फुलं," आई म्हणाली. "एक फूल, अनेक फुलं. फुलं आहेत म्हणावं."

त्यांनी चमकून वर पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, जसं काही मोठं ओझं उतरलं. "जी. फुलं," ते म्हणाले, आणि वाकून आईला नमस्कार केला. लांबूनच. हा नमस्कार कशाबद्दल, हे आम्हाला कळेना. आईने मला आत ओढलं. "डोंगरावर फुलं बघायला निघालोय आणि हा घरून फुलं घेऊन निघालाय. विहिरीवर जाताना कोणी घागर भरून नेतं का? आणि उंबरा ओलांडायला काय झालं याला? लक्ष ठेव." माझं वय सोळा, कॉलेजात नुकतीच गेलेली. असलं काम मला फार आवडायचं.

महूपर्यंत छोट्या गाडीने, तिथून मुंबई रस्त्याच्या बसने, मग गावापासून पायी. गाडीत त्यांनी पिशवी बाकावर ठेवली नाही, पायाशी ठेवली नाही, खिडकीच्या खुंटीला अडकवली आणि तिच्याखाली उभे राहिले. ताई त्यांच्या समोर बसली होती. मी एकदा पाणी घ्यायला वळले, तेवढ्यात त्या दोघांत काहीतरी बोलणं झालं. दोन वाक्यं असतील. ताईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि महू येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मी आईला खूण केली. आईने मान हलवून पोच दिली.

डोंगराखालच्या गावात मक्याची शेतं उभी होती. बाबांनी भाजलेला भुट्टा घेतला, मीठ-लिंबू चोळलेला. आईने पुरी-भाजीचा डबा काढला. श्रीधररावांनी हात जोडले.

"वर गेल्यावर खाईन काकू. पहले काम."

"कसलं काम?"

"तेच. फूल." मग लगेच, "फुलं."

डब्याचं झाकण आईने जरा जोरातच लावलं. आमच्या हातचं खायचं नाही, आमच्या घरात यायचं नाही, आणि मुलगी मात्र पाहिजे. तिच्या मनात आता अफू घोळायला लागली होती. चढताना ती माझ्या कानाशी लागली, "अफूचंसुद्धा फूलच असतं, लक्षात ठेव. नाक्यावर धरलं याला, तर तुझ्या बाबांची नोकरी जाईल."

पण खरं सांगायचं तर तो डोंगर मी विसरू शकलेली नाही. गावाबाहेरची शेवटची बांधबंदिस्ती संपली आणि एका वळणावर फुलं सुरू झाली. सुरू झाली म्हणजे, आधी नव्हतीच आणि मग सगळीकडे होती. गुलाबी तेरडा उतारभर. पांढरट गुलाबी तुरे मिरवणारं कुर्डू. दगडांच्या खाचेत आभाळी नावाची ती बारीक जांभळी फुलं, ज्यांना हात लावला तर केसाळ लागतात. पिवळी जी होती तिला आई सोनकी म्हणाली, पण ती सोनकीच होती का याची मला अजून शंका आहे. इतकी फुलं, पेरली कोणी, पाणी घातलं कोणी, कशासाठी, आणि बघायला कोणी नाही. ओल्या गवताचा वास येत होता आणि कुठेतरी खाली गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग एकाएकी ढग अंगावर आला आणि चार पावलांपलीकडचं काही दिसेना.

"कोहरा आहे, संभालून," पुढून श्रीधररावांचा आवाज आला.

"धुकं म्हणावं," मागून आईचा आवाज.

"जी, धुकं."

धुकं सरलं तेव्हा ताई त्यांच्या मागेच चालत होती, त्या पिशवीच्या बाजूने. तिने एक कळलावीचं फूल तोडायला हात पुढे केला. तांबडं-पिवळं, पेटलेल्या ज्योतीसारखं. "नको!" आई ओरडली. "कळलावी घरात आणली की भांडणं लागतात." ताईने हात मागे घेतला. मग आई मोठ्याने, कोणाला उद्देशून नाही अशा थाटात म्हणाली, "काय करायचं या फुलांचं? तेरड्याचा रंग तीन दिवस. माणसांचंही तसंच."

श्रीधरराव थांबले. त्यांना टोमणा लागला असं मला वाटलं, पण ते तेरड्याकडे बघत होते. "माँसाबला तेरडा फार आवडायचा," ते म्हणाले. "माझ्या मकानमालकीण. त्यांचं माहेर याच डोंगराखालचं. दर साल मी आणायचो त्यांना, जितकं चढवेल तितकं चढायच्या. आता तर त्या..." हातातल्या काठीने त्यांनी नुसतं वर दाखवलं आणि चालू पडले.

आईने माझा दंड धरला. "ऐकलंस? बाई वर आहे."

टांग्यातल्या पदरवालीचा पत्ता लागला होता. घरून आणलेली फुलं कोणासाठी हेही कळलं होतं. म्हातारी मकानमालकीण कसली, आईला ते एक अक्षर पटलं नाही. आता नुसतं वर पोचून तिला समोरासमोर गाठायचं बाकी होतं. मी ताईकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आईला जे हवं होतं ते आता वर सापडणार होतं आणि ताई तिच्या शब्दाची पक्की होती.

माथ्यावर महादेवाचं देऊळ आणि शेजारी दगडी पायऱ्यांचं कुंड. बाबा गुडघे धरून ओट्यावर आडवे झाले. श्रीधररावांनी पिशवी वडाच्या पारंबीला टांगली आणि म्हणाले, "मी स्नान करून येतो." ते कुंडाच्या पलीकडच्या बाजूला गेले. आईने देवळाला प्रदक्षिणा घातली. देवाला नव्हे, बाईला शोधायला. आत डोकावली, मागे पाहिलं, धर्मशाळेची पडकी खोली पाहिली. एक पेंगणारा पुजारी सोडला तर कोणी नव्हतं. याने तिचा संशय कमी व्हायला हवा होता. तो वाढला. ती सरळ वडाखाली आली.

"आई, नको," ताई म्हणाली. ताई ओरडत नसे, तेव्हाही ओरडली नाही. पण तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"गप्प बस. तुझ्यासाठीच करून राहिली आहे मी."

आईने पिशवी काढली. आत तांब्याचा लहान लोटा होता, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. तिने गाठ सोडली. आत तीन बोटं घातली, डोळे माझ्याकडे, अगदी आजोबांच्या थाटात, आता बघ काय निघतं ते. आणि मग तिचा चेहरा मी पाहिला. तिने बोटं बाहेर काढली. ती राखाडी झाली होती आणि दोन बोटांच्या चिमटीत एक लहानसा पांढरा तुकडा होता. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

हिंदीत फूल म्हणजे अस्थी. आम्ही तीन पिढ्या इंदुरात काढल्या. हिंदीत भाजी घेतली, टांगेवाल्याशी हुज्जत घातली, खजरान्याच्या गणपतीला रांगेत उभं राहून हिंदीत भांडलो. पण मरणाचे शब्द बाजारात ऐकू येत नाहीत. ते लोकांच्या घरात, दार लोटून बोलतात. आमच्याकडे कोणी गेलं तर आम्ही मराठीतच रडलो. त्यामुळे चितेवरून वेचून आणलेल्या हाडांना शेजारचे लोक इतकं हळुवार नाव देतात हे आमच्या आईपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मग ती पिशवी झाडाला टांगणं, जमिनीवर न ठेवणं, उंबरा न ओलांडणं, उपाशी राहणं, हे सगळं एकाएकी लख्ख दिसायला लागलं. हे आमच्याकडेही असंच करतात. फक्त फुलं बघायच्या सहलीत, लग्नाची बोलणी चालू असताना, कोणी ते करेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

श्रीधरराव ओलेत्याने आले ते आईच्या समोरच. आईच्या हातात उघडा लोटा. पळायलाही जागा नव्हती. मला वाटलं आता संपलं. ते बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकू, तुम्ही हात लावला?" ते म्हणाले. "माँसाबच्या मुलाने बाकीचे नर्मदेला नेले. इतके माझ्याजवळ ठेवले, त्यांची इच्छा होती म्हणून. म्हारा फूल वठे लई जाजे, माझे फूल तिकडे घेऊन जा, असं सांगून गेल्या. त्यांच्या घरचं कोणी वर आलं नाही. वाटलं होतं, मी एकटाच."

आईने लोटा घट्ट धरला.

"आणि सकाळी मी फाटकावर सांगितलं फूल आहेत," ते पुढे म्हणाले, "तेव्हा वाटलं, आता वापस पाठवणार. रिश्त्याची बात चाललेली आणि हा माणूस अस्थी घेऊन दारात. दुसरं कोणी असतं तर दरवाजा लावला असता. तुम्ही एक सवाल नाही केला. फक्त माझं मराठी ठीक केलं."

बाबा ओट्यावर उठून बसले होते. ताई जमिनीकडे बघत होती. आईने त्या चिमटीतल्या तुकड्याकडे पाहिलं, तो जपून लोट्यात परत ठेवला आणि फडकं लोट्याच्या तोंडावर नीट सारखं केलं. मग म्हणाली, "चला. पाणी गार असेल." आणि ती त्यांच्या पुढे कुंडाच्या पायऱ्या उतरायला लागली.

फुलं सोडताना त्यांच्या मागे तीच उभी होती. मग तिने लुगड्यासकट तीन बुड्या मारल्या, ओठ निळे पडले तरी. वर आली, ओलं लुगडं पिळलं, आणि डबा उघडला. दिवसभर ती श्रीधररावांना अहो-जाहो करत होती, संशयिताला करतात तसं. आता तिने पुऱ्या त्यांच्या पुढे सरकवल्या आणि म्हणाली, "खा. सकाळपासून उपाशी आहेस." ताईने तेव्हा मान वर केली. त्या एका "आहेस"मध्ये काय झालं ते आम्हा सगळ्यांना कळलं, फक्त श्रीधररावांना कळलं नाही. ते भुकेले होते, त्यांनी सगळ्या पुऱ्या संपवल्या. त्यावर आई काही म्हणाली नाही.

परतीच्या गाडीत बाबांनी दबकत विचारलं, "मग? काय ठरलं?"

"पितृपक्षात काही ठरत नसतं," आई म्हणाली. बाहेर अंधारत होतं. थोड्या वेळाने म्हणाली, "घटस्थापनेला जेवायला बोलवा त्याला. कचेरी ग्वाल्हेरला निघायच्या आधी."

त्या दिवसाच्या दोन शंका माझ्या अजून फिटलेल्या नाहीत. पैकी पहिली ताईबद्दल. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी तिला कोपऱ्यात गाठलं. "तुला ठाऊक होतं ना? गाडीतच विचारलंस ना तू?"

"मी हिंदी शाळेत शिकवते, शालू," ती म्हणाली. "फाटकावरच कळलं होतं. गाडीत फक्त कोणाचे ते विचारलं."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिने वापस पाठवलं असतं." एवढं बोलून ती लुगड्यांच्या घड्या घालायला लागली. माझी शांत, सरळ, कमी बोलणारी ताई. मी तेव्हापासून कमी बोलणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवते.

दुसरी शंका आईबद्दल. तिने होकार दिला तो माणूस पटला म्हणून, की न केलेल्या मोठेपणाबद्दल तोंडावर आभार मानले गेले आणि आता मागे फिरायची लाज वाटली म्हणून? एखाद्याने आपल्याला चांगलं समजून घेतलं की तसं वागावंच लागतं, हे मी पुढे आयुष्यात पुष्कळदा पाहिलं. पण आईच्या बाबतीत मला कधी छडा लागला नाही. एकदा मी धीर करून विचारलं. तिने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाली, "तू फार शंकेखोर झालीयेस. चांगलं नाही हे."

मध्य भारत पुढे थोड्याच वर्षांत गेला. राजधान्यांची ये-जा थांबली, आणि जिजाजी, आता त्यांना जिजाजी म्हणायला हरकत नाही, इंदुरातच राहिले. आले की हातात पिशवी असायचीच. कधी सराफ्यातली शेव, कधी हातोदच्या बाजारातली हिरवी मिरची, कधी ताईने पाठवलेले भुट्ट्याचे वडे. फाटक वाजलं की आई उंबऱ्यात येऊन उभी.

"पिशवीत काय आहे?"

"फूल आहेत, आई."

"फुलं म्हणावं."

"जी."

आणि मग दोघंही हसत. कोहऱ्याचं धुकं झालं, वापसचं परत झालं, रिश्त्याचं नातं झालं, त्यांचं सगळं मराठी सुधारलं. तेवढा एक शब्द काही सुधारला नाही. ते मुद्दाम चुकतात असा माझा पक्का संशय होता, आणि आई ते ओळखून होती असा त्याहून पक्का.

आई गेली ती ऐन वैशाखात. जाण्याआधी दोनच दिवस तिने ताईला आणि मला जवळ बसवलं आणि सांगितलं, "माझं नर्मदेला न्या. चिमूटभर त्या डोंगरावर. आणि श्रीधरलाच नेऊ दे. पिशवी कशी न्यायची ते त्याला कळतं."

डोंगरावर निघायच्या सकाळी जिजाजी फाटकाशी आले. केस पांढरे झालेले, ऊन आठ वाजताच तापलेलं. डोंगरावर त्या दिवसांत गवताची काडी नसते. त्यांनी पिशवी कडुनिंबाच्या फांदीला टांगली आणि बाहेरच उभे राहिले, एक हात पिशवीच्या तोंडावर. आम्ही सगळे ओसरीवर होतो. ते उंबऱ्याकडे बघत होते, आणि उंबरा रिकामा होता. मला ते सहन होईना. मी उठले आणि आईच्या जागी जाऊन उभी राहिले.

"पिशवीत काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"फुलं आहेत," ते म्हणाले.